लर्न्ड की लर्न्ट? आणि ट्रॅव्हल्डमध्ये एल किती?

आमच्या शेजारची आठवीतली मुलगी गेल्या पावसाळ्यात घटक चाचणीचा इंग्रजीचा पेपर घेऊन आमच्याकडे आली. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात तिने 'लर्न'चा भूतकाळ शेवटी ई-डी लावून लिहिला होता. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी टी लावलेले रूप लिहून दिले होते. त्याच पेपरात 'अकर', म्हणजे घडणे, या क्रियापदाचा भूतकाळ तिने एकाच आर-ने लिहिला होता. त्यावर मात्र बरोबरची खूण होती. तिची तक्रार पहिल्या शब्दाची होती. "काका, बाबांच्या फोनवर माझाच शब्द बरोबर दाखवतात. मग माझा अर्धा गुण का गेला?"

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. व्याकरणाच्या पुस्तकामागे क्रियापदांच्या तीन रूपांचा जो तक्ता असतो, त्यात पुष्कळदा एकाच रूपाला जागा असते. शिवाय या बाबतीत आमचेही हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रबंधाचे प्रकरण तपासायला दिले होते. 'मॉडेल'चा भूतकाळ त्याने सर्वत्र एका एल-ने लिहिला होता. आम्ही एकूण एक ठिकाणी लाल वर्तुळ काढले आणि समासात 'शब्दकोश पाहा' असा शेरा मारला. त्याने निमूटपणे सगळीकडे दुसरा एल घातला. पुढे तोच मजकूर लेखाच्या रूपाने एका अमेरिकन नियतकालिकाकडे गेला आणि प्रुफे आली, तेव्हा प्रत्येक ठिकाणचा दुसरा एल काढून टाकलेला होता! त्याने ती प्रुफे आमच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता चहा सांगायला निघून गेला. शब्दकोश पाहायची गरज कोणाला होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हा या प्रश्नाकडे जरा शास्त्रीय दृष्टीने पाहू या. इंग्रजी शब्द आम्ही येथे देवनागरीत दिले आहेत. वर्गात सांगताना ते फळ्यावर रोमन अक्षरांत लिहावेत, म्हणजे मुद्दा डोळ्यांना दिसेल.

आधी कानाने ऐकू या

इंग्रजीतील बहुसंख्य क्रियापदे भूतकाळात ई-डी घेतात, हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. पण या ई-डी-चा उच्चार एक नाही, तीन आहेत. 'आस्क', 'वॉश', 'स्टॉप' यांच्यापुढे तो 'ट' होतो. 'बेग', 'लिव्ह', 'प्ले' यांच्यापुढे 'ड' होतो. 'वॉन्ट' आणि 'नीड' यांच्यापुढे 'इड' होतो, कारण मुळात शेवटी ट किंवा ड असताना त्याला दुसरा ट किंवा ड चिकटवून बोलणे जिभेला जमत नाही, मध्ये स्वर घ्यावाच लागतो.

ट कुठे आणि ड कुठे हे पाठ करण्याची गरज नाही. मराठीच्या तासाला व्यंजनसंधी शिकवताना आपण कठोर आणि मृदू व्यंजने सांगतो. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, कारण पुढच्या कठोर क-मुळे द-चा त होतो. इंग्रजीत तेच घडते, फक्त प्रभावाची दिशा उलटी असते. मागचे व्यंजन कठोर असेल तर ड-चा ट होतो. मृदू व्यंजन, अनुनासिक किंवा स्वर असेल तर ड तसाच राहतो. कठोर ध्वनी उच्चारताना कंठातील स्वरतंतू कंप पावत नाहीत, मृदू उच्चारताना पावतात. गळ्यावर दोन बोटे ठेवून 'स्स्स' आणि 'झ्झ्झ' म्हणून पाहिले की फरक हाताला लागतो.

जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना चित्रे दाखवून बनावट क्रियापदे सांगितली आणि त्यांचा भूतकाळ विचारला. 'रिक' असा शब्द इंग्रजीत मुलांनी कधी ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याला अचूक ट लावला; 'स्पो' या शब्दाला ड लावला. म्हणजे मुले रूपे केवळ पाठ करत नाहीत, ऐकलेल्या रूपांमधून नियम शोधून काढतात. आपल्याकडे नुकते बोलू लागलेले मूल 'मी केलं' म्हणण्याऐवजी 'मी करलं' म्हणते, ते त्याच शोधाचे लक्षण. आपण त्याला हसतो, पण वास्तविक त्याने नियम बरोबर ओळखलेला असतो. चूक असली तर ती भाषेची आहे.

ट ऐकू येतो, मग टी का लिहीत नाहीत?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. एकेकाळी ई-डी-मधला स्वर बऱ्याच शब्दांत खरोखर उच्चारला जात असे. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला मोठा संग्रह उघडला, तर पद्यात जेथे हा स्वर उच्चारायचा तेथे ई-डी आणि जेथे गाळायचा तेथे ई-च्या जागी वर स्वल्पविरामासारखी खूण व डी, असा भेद पुष्कळ ठिकाणी दिसतो. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी एक प्रस्ताव लिहिला. त्यात स्वर गाळून व्यंजने एकमेकांवर आदळवणाऱ्या अशा रूपांवर त्याने चांगलेच तोंडसुख घेतले आहे. त्याच्या चिडण्याचा उपयोग झाला नाही. स्वर गेला तो गेलाच. 'नेकेड', 'विकेड' अशा काही विशेषणांत तो टिकून आहे. आपल्या 'लर्न्ड'लाही एक जुळे भावंड आहे. तेच स्पेलिंग 'विद्वान' या अर्थी विशेषण म्हणून आले की उच्चार 'लर्नेड' असा दोन अवयवांचा होतो.

स्वर गेल्यावर सतराव्या-अठराव्या शतकात बरेच लेखक 'स्टॉप', 'ड्रॉप', 'मिक्स' यांच्या भूतकाळात उच्चाराप्रमाणे सरळ टी लिहीत. पुढे छपाई स्थिरावली तशी ही रूपे मागे पडली आणि ई-डी सर्वत्र बसले. त्यांना परत आणण्याचा एक मोठा प्रयत्न १९०६ साली अमेरिकेत झाला. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर चालणाऱ्या सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्डाने ३०० सोप्या स्पेलिंगांची यादी काढली. त्यांत 'किस', 'वॉश', 'ड्रॉप', 'स्टेप' अशा क्रियापदांचे टी लावलेले भूतकाळ बरेच होते. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑगस्टमध्ये सरकारी छापखान्याला ही यादी वापरण्याचा हुकूमच सोडला. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केला आणि रूझवेल्टना माघार घ्यावी लागली. फौजेला हुकूम देता येतो, स्पेलिंगला नाही.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. 'स्टॉप'पुढे ट येणे ध्वनीच्या नियमाला धरून आहे, पण तेथे टी लिहिलेला चालत नाही. 'लर्न'पुढे मात्र न आहे. न उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात, तेव्हा नियमाने तेथे ड यायला हवा. तरीही तेथे टी लिहिलेला चालतो. 'बर्न', 'स्पेल', 'स्मेल', 'स्पिल', 'स्पॉइल', 'ड्रीम', 'लीन' या सगळ्यांच्या शेवटी न, ल किंवा म आहे. हे उलटे वाटते, पण त्यामागे तर्क आहे. 'स्टॉप्ट' या उच्चारासाठी ई-डी लिहिले तरी वाचणारा ट-च वाचतो, कारण दुसरे काही वाचणे शक्य नसते. न, ल, म यांच्यापुढे मात्र ट आणि ड दोन्ही सहज उच्चारता येतात आणि लोक दोन्ही उच्चारतातही. म्हणून दोन उच्चारांसाठी दोन स्पेलिंगे ठेवावी लागली. 'ड्रीम'च्या बाबतीत तर स्वरही बदलतो: ई-डी असेल तर 'ड्रीम्ड', टी असेल तर 'ड्रेम्ट'. 'लीप' हा प-ने संपणारा शब्दही याच कारणाने दोन रूपे बाळगून आहे: 'लीप्ट' आणि 'लेप्ट'.

म्हणजे 'लर्न्ड' आणि 'लर्न्ट' हे कानाचे पर्याय आहेत. ती दोन वेगळी रूपे एकाच कामासाठी स्पर्धा करत आहेत. 'ट्रॅव्हल्ड' एका एल-ने लिहा की दोन एल-ने, उच्चारात तसूभर फरक पडत नाही. तो केवळ डोळ्यांचा पर्याय आहे. या दोहोंची गल्लत केली की सगळा घोळ होतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे पाहू.

क्रियापदांचे अर्धायुष्य

कानाच्या पर्यायांत शेवटी कोण जिंकते? २००७ साली 'नेचर'मध्ये एरेझ लिबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली आणि सुमारे बाराशे वर्षांत त्यांचे काय झाले ते पाहिले. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित राहिली होती. आज ९८ उरली आहेत. बाकीच्यांनी ई-डी पत्करले. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता. 'वर्क'चा 'रॉट' होता. तो 'रॉट आयर्न'च्या रूपाने आज लोखंडी जाळ्यांच्या दुकानात भेटतो.

कोणते क्रियापद आधी नियमित होईल याला त्यांना एक सुबक नियम सापडला. तो किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या ऱ्हासासारखा आहे: अनियमित क्रियापदाचे अर्धायुष्य त्याच्या वापराच्या वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा १०० पटींनी कमी वापरले जात असेल, तर ते १० पट वेगाने नियमित होते. कारण समजायला सोपे आहे. अनियमित रूप स्मरणातूनच काढावे लागते. रोज कानावर पडणारे रूप स्मरणात पक्के राहते. वर्षातून एकदा भेटणारे वेळेवर आठवत नाही आणि मग माणूस नियमाचा आधार घेतो. इंग्रजीतील सर्वांत जास्त वापरली जाणारी दहाही क्रियापदे अनियमित आहेत, त्याचे कारण हेच. या मंडळींनी पुढचे भाकीतही करून ठेवले आहे: यापुढे पहिला क्रमांक 'वेड', म्हणजे विवाह करणे, याचा.

मराठीत याचा पडताळा लगेच घेता येतो. जाणे-गेला, येणे-आला, होणे-झाला, करणे-केला. वाकड्या वाटेने जाणारी ही क्रियापदे नेमकी आपल्या बोलण्यात सतत येणारी. उलट खरडणे, चाचपणे, रेंगाळणे ही सगळी निमूटपणे नियम पाळतात. पर्यायी रूपेही आपल्याकडे आहेत. 'म्हटले' आणि 'म्हणाले' शिष्टसंमत आहेत, आणि 'म्हणले' आपण कितीही खोडले तरी बोलण्यात ऐकू येतेच. लेखनाचे म्हणाल तर आमच्या वडिलांच्या जुन्या पत्रांत 'केलें' असे अनुस्वार दिलेले सापडते. १९६२ च्या नियमांनी तो अनुस्वार गेला. बोलण्याप्रमाणे लिहिताना मात्र 'केलं'वर तो आजही आपण देतो. भूतकाळाची दोन स्पेलिंगे म्हणजे इंग्रजीचाच वेंधळेपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

'बर्न', 'स्पेल', 'स्मेल', 'स्पिल' यांची टी-वाली रूपे अमेरिकेत आधी ओसरली आणि आता ब्रिटनमध्येही ओसरत आहेत. ५० लाखांहून अधिक पुस्तकांतले शब्द संगणकाने मोजून २०११ साली 'सायन्स'मध्ये हा कल दाखवण्यात आला. विशेषण म्हणून मात्र टी-चा जोर अजून टिकून आहे. करपलेल्या पावाला अमेरिकन माणूसही 'बर्न्ट टोस्ट' म्हणतो. प्रवाह उलटाही वाहू शकतो. 'स्नीक'चा भूतकाळ सरळ 'स्नीक्ड' असा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कोणीतरी 'स्नक' म्हणू लागले आणि ते रूप चांगलेच पसरले. वर्गमुळाचा नियम बहुसंख्यांचे वर्तन सांगतो. एकेका क्रियापदाचे भविष्य सांगत नाही, जसे एकेका अणूचेही सांगता येत नाही.

दुसरा एल

आता डोळ्यांचे पर्याय. मुळात अक्षर दुप्पट करतात ते कशासाठी? 'होप' म्हणजे आशा करणे आणि 'हॉप' म्हणजे लंगडी घालणे. दोहोंना ई-डी लावल्यावर फरक कसा कळणार? म्हणून ऱ्हस्व स्वराच्या 'हॉप'ला दोन पी आणि 'होप'ला एकच. 'प्लॅन' आणि रंधा मारणे या अर्थाचा 'प्लेन' यांच्यातही तेच. दुसरे व्यंजन हा स्वराभोवतीचा गडगा आहे. तो नसला तर वाचणारा वेगळाच शब्द वाचतो. ही खरी चूक. येथे गुण जरूर कापावा.

दोन किंवा अधिक शब्दावयवांच्या क्रियापदांत हा गडगा तेव्हाच घालतात, जेव्हा आघात शेवटच्या अवयवावर असतो. मराठी माणूस अडखळतो तो येथेच. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याला सरावलेला नसतो. 'ऑफर' आणि 'प्रिफर' देवनागरीत लिहिले तर शेवटचा 'फर' अगदी सारखा. इंग्रजीत मात्र 'ऑफर'चा जोर 'ऑ'वर आहे, म्हणून भूतकाळात एक आर. 'प्रिफर'चा जोर 'फर'वर, म्हणून दोन. 'व्हिजिट'ला एक टी, 'परमिट'ला दोन. 'डेव्हलप'चा जोर मधल्या अवयवावर, म्हणून एकच पी. 'अकर'चा जोर 'कर'वर आहे, म्हणून दोन आर लागतात; आणि हा शब्द दोन्ही देशांत असाच लिहितात. जोराच्या अवयवावर टाळी वाजवत असे दहा-बारा शब्द म्हणून घेतले, तर मुलांना नियम पाठ करावा लागत नाही. एक्सचा प्रश्न येत नाही, त्यात मुळातच क आणि स ही दोन व्यंजने आहेत. 'पिकनिक' आणि 'पॅनिक' यांना के जोडतात, नाहीतर सी-पुढे ई आल्याने क-चा स वाचला जाईल.

हा नियम काटेकोर लावला, तर 'ट्रॅव्हल'ला एकच एल हवा, कारण जोर 'ट्रॅ'वर आहे. ब्रिटिशांनी एल-ला सवलत दिली: जोर कुठेही असो, एल दुप्पट करायचा. 'ट्रॅव्हल', 'कॅन्सल', 'लेबल', 'मॉडेल', 'सिग्नल' सगळे या रांगेत. नोआ वेब्स्टरने ही सवलत काढून टाकली. त्याचा मोठा अमेरिकन शब्दकोश १८२८ साली निघाला आणि तेव्हापासून अमेरिकेत या शब्दांना एकच एल. 'कंट्रोल' आणि 'कम्पेल' यांना मात्र अमेरिकनही दोन एल देतात, कारण तेथे जोर शेवटी आहे. ब्रिटिशांनाही 'पॅरलल'च्या वेळी लाज वाटते. त्यात आधीच तीन एल असल्यामुळे ते चौथा घालत नाहीत. आमच्या मते या एका बाबतीत अमेरिकन पद्धत अधिक तर्कशुद्ध आहे. हे लिहिताना तो प्रबंध डोळ्यांपुढे येतो, पण इलाज नाही.

अर्थात तर्कशुद्धता तेथेही पुरी पडत नाही. 'किडनॅप' आणि 'वर्शिप' यांना अमेरिकेतही बहुतेक जण दोन पी देतात. 'फोकस' आणि 'बेनिफिट' यांची एकेरी रूपे नियमात बसतात, तरी दुहेरी रूपेही शब्दकोशांत सापडतात. नव्या शब्दांत 'फोटोशॉप'ने लगेच दुसरा पी घेतला. त्याच्या पोटात 'शॉप' हा स्वतंत्र शब्द स्पष्ट ऐकू येतो, त्याचा हा परिणाम असावा.

पेपर तपासताना आम्ही आता असे करतो. स्पेलिंगमुळे वाचन बदलत असेल किंवा ते कोणत्याच शब्दकोशात नसेल, तर चूक. कानाचा पर्याय असेल, तर दोन्ही रूपे मान्य. डोळ्यांचा पर्याय असेल तर एका निबंधात एकच पद्धत हवी. पहिल्या परिच्छेदात एक एल आणि तिसऱ्यात दोन, हे चालणार नाही. आपल्या शाळांतील पुस्तके साधारणपणे ब्रिटिश वळणाची असतात, फोन आणि संगणक मात्र बऱ्याचदा अमेरिकन इंग्रजीवर लावलेले असतात आणि 'ट्रॅव्हल्ड'च्या दुसऱ्या एल-खाली लाल रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे चूक नव्हे, हे मुलांना एकदा सांगून ठेवलेले बरे. भाषेची निवड बदलली की रेघ नाहीशी होते, हे वर्गात करून दाखवता येते.

शेजारच्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले, 'अकर'चा दुसरा आर धरून. तिने दुसऱ्या दिवशी शाळेत शब्दकोश नेला. बाईंनी तो पाहिला, 'लर्न'चा अर्धा गुण दिला आणि तिनेच दाखवल्यावरून 'अकर'चा अर्धा गुण काढून घेतला. एकूण बेरीज होती तेवढीच राहिली. वर्गातल्या तक्त्यात 'लर्न'च्या ओळीत मात्र आता बाईंच्या हाताने पेनाने लिहिलेले दुसरे रूप आहे, आणि ती सांगते की 'बर्न' व 'ड्रीम'च्या ओळींतही.